रँडम एक्स्टेन्शन ठेवू नका, पण डिलीटही करू नका

तुम्ही लिहिलंय की तुमच्या बुद्धिबळ इंजिनात सोळातल्या एका नोडला (शोधात तपासलेल्या पोझिशनला) रँडमली एक प्लाय (एका बाजूची एक खेळी) जास्त खोल शोध, म्हणजे एक्स्टेन्शन, दिलं आणि डेप्थ ८ वर (आठ प्लाय खोल शोधून) जुन्या आवृत्तीविरुद्ध १०० डावांत ५८ गुण आले, तर हे ठेवू का? याच प्रकरणात मीही पोळलोय, म्हणून जरा सविस्तर. अल्फा-बीटा (बिनकामाच्या फांद्या छाटणारी शोधाची पद्धत) वगैरे येतंच असं धरतो.

माझ्या मते ठेवू नका. डेप्थ बांधून सामना लावला की एक्स्टेन्शनवाल्याला फुकटात जास्त नोड मिळतात, मग तो जिंकणारच. दोघांना वेळ सारखा द्या. मी ज्या टेस्टिंग ग्रुपकडे इंजिन पाठवायचो, ते सगळं बांधलेल्या डेप्थवर खेळवायचे. नोडचे आकडे मागितले की ‘आमच्या पद्धतीत ते बसत नाही’. त्यांच्या ‘निकाल उत्तम’वर विसंबून एकावर एक एक्स्टेन्शन चढत गेली आणि घड्याळ लावून खेळवलं तर इंजिन आधीपेक्षा उथळ बघत होतं. चूक दाखवली तर उलट माझ्याच टाइम मॅनेजमेंटवर (इंजिन कुठल्या खेळीला किती वेळ देतं त्यावर) ढकलली! असो.

शिवाय १०० डावांत, बरोबऱ्या कमी असतील तर, नुसत्या नशिबाने १० गुण इकडचे तिकडे होतात. हजारांत खेळवा.

कोड मात्र जपून ठेवा, तुलनेला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. डीप थॉट या बुद्धिबळ कॉम्प्युटरवाल्यांनी १९८८च्या सुमारास सिंग्युलर एक्स्टेन्शन आणलं, त्यामागे विचार होता: एकच खेळी बाकीच्यांपेक्षा ठळक सरस असेल तर तिथे खोल जा. तुम्हीही उद्या अशी एखादी अट घालाल. ती जितक्या वेळा लागू होते तितक्याच वेळा रँडम एक्स्टेन्शन देऊन बघा. दोन्हींत फरक पडला नाही तर तुमच्या अटीला बुद्धिबळ कळत नाही.

आणि नोड निवडायला रँड फंक्शन (दर वेळी नवा रँडम आकडा देणारं) वापरू नका. तीच पोझिशन एकदा वाढते, एकदा नाही. मग बग पुन्हा पकडून दाखवा! झोब्रिस्ट कीचे (पोझिशनवरून काढलेल्या, त्या पोझिशनला कायम तोच राहणाऱ्या आकड्याचे) चार बिट शून्य असतील तर वाढवा. पण तपासलेल्या पोझिशन साठवणाऱ्या टेबलचा इंडेक्स (नोंद कुठल्या जागी ठेवायची तो आकडा) कीच्या खालच्या बिटांवरून काढत असाल तर तेच बिट घेऊ नका, नाहीतर वाढवलेल्या सगळ्या पोझिशन टेबलच्या सोळाव्या हिश्श्यात कोंबल्या जाऊन एकमेकींना पुसत बसतात. वरचे बिट सिग्नेचरला (नोंद त्याच पोझिशनची आहे का हे पडताळायला) जात असतील तर मधले घ्या.

मी हौशी माणूस आहे आणि हे सगळं हाताने लिहिलेल्या इव्हॅल्युएशनवरचं (पोझिशनला गुण देणाऱ्या कोडवरचं). न्यूरल नेटवाल्या इंजिनावर मी हे चालवून पाहिलेलं नाही.