फोन चार्ज होतो, पण संगणकात दिसत नाही: ड्रायव्हर उतरवण्याआधी काय पाहावे

नमस्कार.

आपण लिहिले आहे की, सुदामानगरातल्या आपल्या घरच्या संगणकावर नुकतीच विंडोज नव्याने टाकून घेतली आणि तेव्हापासून अँड्रॉइड फोन जोडला की आवाज येतो, फोन चार्जही होतो, पण ‘धिस पीसी’मध्ये त्याचे नाव उमटत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजमधल्या यादीत) मात्र ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळा त्रिकोण दिसतो. दुकानदाराने पुन्हा एकदा फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला आहे आणि आपल्याला आईंच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो उतरवून घ्यायचे आहेत. फॉरमॅटची मुळीच गरज नाही. फोटो फोनमध्ये सुरक्षित आहेत आणि दोष बहुधा विंडोजच्या बाजूला आहे.

आधी केबलचा संशय मिटवू. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच, त्यामुळे फोन चार्ज होत राहतो आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. आपल्याकडे जोडल्याचा आवाज येतो आहे आणि यादीत नोंदही उमटते आहे, म्हणजे दोघांचे बोलणे सुरू झालेले आहे. तेव्हा नव्या केबलसाठी जेल रोडपर्यंत खेप घालू नका.

फोनच्या बाजूने एकच गोष्ट पाहायची. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडल्यावर आपणहून फक्त चार्जिंग सुरू करतो. फोनचे कुलूप उघडा, वरून सूचनांचा पडदा खाली ओढा, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. पुष्कळांचे काम इथेच होते.

तेवढ्याने भागले नाही, तर त्या पिवळ्या त्रिकोणाची नीट चौकशी करावी लागेल. नोंदीवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. पहिल्याच पानावर ‘डिव्हाइस स्टेटस’च्या चौकटीत एक कोड असतो आणि पुढची दिशा तोच ठरवतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर, अर्थात विंडोजला ते उपकरण चालवता यावे यासाठीचा छोटा प्रोग्राम, बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकत नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणाने अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले. अशा वेळी ड्रायव्हरच्या मागे लागण्याआधी पोर्ट आणि केबल बदलून पाहणे शहाणपणाचे. आपल्या वर्णनावरून कोड २८ असावा असे वाटते.

त्याच खिडकीत ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडी या अक्षरांपुढे चार खुणांचा निर्मात्याचा क्रमांक असतो: सॅमसंगचा ०४ई८, शाओमीचा २७१७, गुगलचा १८डी१. ही नोंद खरोखर फोनचीच आहे की दुसऱ्याच एखाद्या उपकरणाची, हे त्यावरून ताडता येते. नोंदीच्या नावात एडीबी असे काही असेल, तर ती वाट ॲप बनवणाऱ्यांची आहे. फोटोंशी तिचा संबंध नाही. फोनमधील ‘यूएसबी डीबगिंग’ बंद केले की ती नोंद नाहीशी होते.

आता मुख्य मुद्दा. फोटो उतरवण्यासाठी अँड्रॉइड फोन एमटीपी नावाची पद्धत वापरतो आणि तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. तो नव्या विंडोजमध्ये सापडत नसेल, तर मला पहिली शंका विंडोजच्या आवृत्तीची येते. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दिलेल्या निर्णयानंतर मीडिया प्लेअर वगळलेल्या ‘एन’ आवृत्त्या निघाल्या, आणि त्या मीडियाच्या भागांबरोबर एमटीपीचा आधारही गेला. दुकानात विंडोज टाकताना हाताशी असलेली फाइल कोणती, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतो? ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ या वाटेने जाऊन आवृत्तीच्या नावाच्या शेवटी ‘एन’ आहे का ते पाहा. असल्यास ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘मीडिया फीचर पॅक’ बसवा आणि संगणक पुन्हा सुरू करा.

आवृत्ती साधीच निघाली, तर ड्रायव्हर हाताने जोडून द्यावा. त्रिकोणाच्या नोंदीवर उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कम्प्युटर’, आणि त्याखालचा ‘लेट मी पिक’ हा पर्याय. पुढच्या यादीत ‘पोर्टेबल डिव्हायसेस’ निवडा, तिथे ‘एमटीपी यूएसबी डिव्हाइस’ सापडेल. विंडोज सावधगिरीची सूचना देईल. नोंद फोनचीच आहे अशी खात्री केलेली असल्याने ‘येस’ म्हणायला हरकत नाही. सारे ठीक झाले, तर काही क्षणांत त्रिकोण जाऊन फोनचे नाव दिसू लागते.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकवर’ देऊ करणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवरून काहीही उतरवू नका. ड्रायव्हर संगणकाच्या अगदी गाभ्यात शिरून काम करतो, त्यामुळे तिथे नको ते शिरले तर फोटो न दिसण्यापेक्षा मोठे संकट उभे राहते. वेगळा ड्रायव्हर लागलाच, तर तो विंडोज अपडेटच्या ऐच्छिक अद्यतनांतून किंवा फोनच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा.

घरात कुणाचा आयफोन असेल, तर त्याचा ड्रायव्हर ॲपलच्या आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हायसेस’ या ॲपबरोबर येतो, आणि फोनवर ‘ट्रस्ट’ला संमती द्यावी लागते.

फोटो उतरल्यावर त्यांतले काही संगणकावर उघडून पाहा आणि त्यानंतरच फोनमधून काढा. एवढे करूनही फोन दिसला नाही, तर विंडोजच्या आवृत्तीचे पूर्ण नाव, त्रिकोणाचा कोड आणि हार्डवेअर आयडीची पहिली ओळ इथे लिहा. त्यावरून पुढचे सांगतो.