रास्पबेरी पाय ४ (छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) वर हार्ड डिस्क लावली की तो आपोआप रीस्टार्ट होतो, बोर्ड खराब झालाय का?

बोर्ड बहुतेक ठणठणीत असेल, आधी पॉवर बघ. स्क्रीन जोडून ठेव आणि डिस्क लाव, वरच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकलं किंवा डीमेसेगमध्ये (dmesg, सिस्टिमचे अंतर्गत संदेश दाखवणारी कमांड) 'अंडरव्होल्टेज', म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय असं, दिसलं तर चोर सापडला. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय लागतो आणि व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की तो तक्रार करतो. लोक चार्जर बदलत बसतात पण केबलकडे कुणी बघतच नाही, बारीक तारेच्या केबलचा रेझिस्टन्स जाऊन येऊन पाव ओहम जरी धरला तरी २ अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच खाल्ला जातो, म्हणजे ५.१ चे बोर्डापाशी पोचेपर्यंत ४.६ झाले! माझ्याकडे अगदी हेच होत होतं, आखूड जाड केबल लावली आणि त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही.

दुसरं म्हणजे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, फिरणारी डिस्क सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, त्यामुळे तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर असलेला पॉवर्ड हब घेच.

आणि प्लीज, असा मध्येच बंद पडत असताना एसडी कार्डवर महत्त्वाचं काही ठेवू नकोस, लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टिमची वाट लागते. आजच बॅकअप काढ, मग कार्ड रीडरने दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून, माउंट न करता (म्हणजे त्यातल्या फाइल्स वापरासाठी न उघडता), एफएसचेक (fsck, फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालव.