चिनी भाषिक विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवताना आधी काय घ्यावं: व्याकरण, शब्द की वाचन?

तुम्ही लिहिलंय की तैवानमधला अकरावीचा मुलगा आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे ऑनलाइन इंग्रजी शिकतो, नियम त्याला तोंडपाठ आहेत, तरी लिहायला बसला की त्याच त्या चुका करतो, आणि 'बहुतेक निष्काळजी आहे'. त्या 'निष्काळजी' शब्दावर मी अडले. म्हणून हे उत्तर.

2014 ते 2018 आम्ही सूचौला राहत होतो. शांघायहून बुलेट ट्रेनने अर्धा तास. नवऱ्याची तिथे नोकरी होती आणि मी घरी. समोरच्या फ्लॅटमधली मुलगी तुमच्या विद्यार्थ्याएवढीच, अकरावीतली. पहिल्यांदा दारात आली आणि मला 'आयी' म्हणाली. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. कराडहून हजारो मैल लांब, परक्या जिन्यात कुणीतरी आपल्याला आई म्हणतंय असं वाटून मी दोन क्षण बोललेच नाही. तिच्या आईने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हिचं इंग्रजी बघाल का? मी हो म्हटलं.

तिने क्लासची वही दाखवली. एक वाक्य अजून डोळ्यांसमोर आहे: 'येस्टर्डे माय मदर गो टू हॉस्पिटल, ही इज व्हेरी टायर्ड.' त्यावर तीन लाल गोल, आणि खाली शिक्षकांनी दोन चिनी अक्षरं लिहिलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, 'त्सूशिन'. फोनमध्ये पाहिलं. अर्थ: निष्काळजी.

माझ्या आठवीच्या वहीत हाच शेरा होता. निबंधात ठिकठिकाणी 'द' राहिला म्हणून सतरा लाल गोल, आणि खाली 'निष्काळजी'. बाबांनी ती वही पाहुण्यांसमोर वाचून दाखवली होती. मी निष्काळजी नव्हते. मराठीत 'द' नाहीच, तर तो मी कुठून आणणार होते? हे त्या वयात मला सांगता आलं नाही. म्हणून त्या मुलीच्या वहीसाठी मी वर्षभर थोडी थोडी चिनी शिकले. तिच्या चुका कुठून येतात ते मला बघायचं होतं.

तिच्या जवळजवळ प्रत्येक चुकीमागे तिच्या भाषेचा एक नियम होता. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. 'काल' म्हटलं की काल झाला, मग क्रियापदाने ते पुन्हा कशाला सांगायचं? तो, ती, ते या तिन्हींना बोलताना एकच उच्चार, 'था'. फरक फक्त लिहिताना, आणि 'ती'साठीचं वेगळं अक्षरसुद्धा शंभरेक वर्षांपूर्वीच रूढ झालेलं. तिला आई बाई आहे हे कळत नव्हतं असं नाही. तोंडाला ती सवयच नव्हती.

'द'ची गंमत तर त्याहून मोठी. चिनीत 'खरन लाइ ल' म्हणजे आपण वाट बघत होतो ते पाहुणे आले. 'लाइ खरन ल' म्हणजे कुणीतरी पाहुणे आलेत. म्हणजे ठरलेलं आणि अनोळखी हा फरक त्यांच्याकडे आहे, फक्त तो शब्दाच्या जागेवरून दाखवतात. हे मी तिला तिच्याच दोन वाक्यांवरून दाखवलं, तेव्हा 'अ' आणि 'द' तिला पहिल्यांदा समजले. तोवर तिने नियमांची अख्खी यादी पाठ केली होती आणि तिचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

मग 'ऑल्दो' आणि 'बट'. ती प्रत्येक वेळी दोन्ही लिहायची. कारण चिनीत 'सुइरान' (जरी) आलं की मागून 'दान्श' (पण) येतं, 'यिनवेइ' (कारण) आलं की 'सुओयी' (म्हणून). आपलं 'जरी–तरी' अगदी तसंच. मी वहीत तीन ओळी लिहिल्या, चिनी, मराठी, इंग्रजी. वरच्या दोन ओळींत जोडीखाली रेघ मारली आणि तिसरीत दोनांपैकी एक शब्द खोडला. तिला म्हटलं, इंग्रजी जोडी ठेवत नाही, एकच घेते. ती चूक त्या संध्याकाळनंतर मला क्वचितच दिसली.

आता तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत: वाचन आधी, आणि तेही मोठ्याने. व्याकरण त्यातूनच काढा. मँडरिनमधलं, म्हणजे प्रमाण चिनीतलं, अक्षर एक तर स्वराने संपतं, नाहीतर 'न', 'ङ' किंवा 'र'ने. त्यामुळे 'वॉक्ट'मधला शेवटचा 'ट' त्यांना ऐकूच येत नाही, आणि ऐकू येत नाही ते हातातून उतरत नाही. मी तिला परिच्छेद वाचायला लावायचे आणि शब्दाच्या शेवटी 'स', 'ट', 'ड' आला की टेबलावर बोट वाजवायला सांगायचे. पहिल्या आठवड्यात निम्मे सुटायचे. दोन महिन्यांनी तिच्या लिहिण्यातले भूतकाळ आपोआप जागेवर यायला लागले.

लांब वाक्यांत ती हरवायची, कारण चिनीत सगळं वर्णन नामाच्या आधी येतं, आपल्या 'काल पुण्याहून आलेला पाहुणा'सारखं. इंग्रजीत असं लांब वर्णन नामाच्या मागून येतं. पेन्सिलने 'हू', 'विच'पासूनचा तुकडा कंसात टाकायला सांगा आणि आधी कंसाबाहेरचं वाक्य वाचून घ्या.

शब्दांचं म्हणाल तर ती वर्णानुक्रमाने पाठ करायची. चीनमध्ये अशा बऱ्याच पुस्तकांची सुरुवात 'अबॅन्डन'ने होते. तिच्या पुस्तकाची पहिली दहा पानं मळलेली होती आणि पुढची कोरी. 'अबॅन्डन'चा अर्थ 'सोडणे' असा पाठ असल्यामुळे 'माझ्या बाबांनी सिगारेट अबॅन्डन केली' असं तिने लिहिलं, 'क्विट' लिहायचं तिथे. सुटा शब्द पाठ केला की असंच होणार. शिवाय त्यांचे शब्द आतून कळतात. डुक्कर 'जू', त्याचं मांस 'जूरौ'. ज्वालामुखी म्हणजे 'हुओशान', आगीचा डोंगर. इंग्रजीत 'पिग'वरून 'पोर्क' कुणाला सुचेल? म्हणून शब्द वाक्यासकट घ्या, रोज पाच-सहा, वाचलेल्याच पानातले.

परीक्षेतल्या रिकाम्या जागांच्या उताऱ्यासाठी एक युक्ती. सूचौ ज्या च्यांगसू प्रांतात आहे तिथे तेव्हा विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत इंग्रजीची प्रश्नपत्रिका 120 गुणांची होती आणि त्यातले 20 गुण अशा उताऱ्याचे. मुलं आधी पर्याय बघतात. मी पर्यायांवर जुनं पाकीट ठेवायचे. उतारा शेवटपर्यंत वाचायचा, गोष्ट मला चिनीत सांगायची, रिकाम्या जागी स्वतःचा शब्द घालायचा, मगच पाकीट उचलायचं.

8 जून 2017 ला दुपारी तिचा त्या प्रवेशपरीक्षेतला इंग्रजीचा पेपर होता. तिची आई लाल छीपाओ, म्हणजे चिनी पद्धतीचा झगा, घालून फाटकाबाहेर उभी होती, मुलांना यश यावं म्हणून तिथल्या आया घालतात तसा. मीही होते. मुलगी बाहेर आली ती माझा हात धरून म्हणाली, 'आयी, उतारा आधी पूर्ण वाचला.' 120 पैकी 97 मिळाले.

माझा दादा कराडला शाळेत इंग्रजी शिकवतो. त्याचं म्हणणं, बारा काळांचे तक्ते पक्के झाल्याशिवाय पुस्तक हातात द्यायचं नाही, आणि मी निष्काळजीपणाला भाषेची कारणं चिकटवते. या विषयावर आमचं गेली कित्येक वर्षं पटत नाही. पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही. हजारो चिनी अक्षरं गिरवून शिकलेलं पोर आहे ते, पाठांतर ही त्याची ताकद आहे. फक्त तक्त्याऐवजी अख्खी वाक्यं पाठ करून घ्या.

दोन गोष्टी लिहायच्या राहिल्या. त्याच्या घरी तैवानी होक्केन बोलत असतील तर त्या भाषेत शब्दाअंती 'प', 'त', 'क' येतात, तेव्हा बोट वाजवायचा सराव कदाचित लवकर संपेल. त्याला आधी विचारून घ्या. आणि वेळ: रोज चाळीस मिनिटं पुरेत, दहा मोठ्याने वाचायला, वीस मनात वाचायला, दहा लिहायला. तुमचे दोन दिवस फक्त ते लिहिलेलं बघायला ठेवा.

दादा हे वाचेलच. दादा, तुझ्या वर्गात 'ऑल्दो'नंतर 'बट' लिहिणाऱ्या पोरांना तू एकदा तरी फळ्यावर 'जरी–तरी' लिहून दाखवलंस का? या सोमवारी दाखव, आणि मला फोन कर.