लीबेर : पुस्तक, मोकळा की देव?

रोमन कवी होरेसच्या एका लॅटिन ओडमध्ये, म्हणजे गेय कवितेत (दुसरा भाग, एकोणिसावी), 'पार्के, लीबेर' असं येतं. 'पार्के' म्हणजे दया कर, सोड. लॅटिन कोशात मात्र 'लीबेर'चे 'पुस्तक' आणि 'मोकळा' असे दोन अर्थ सापडतात, मग कवी पुस्तकाची करुणा भाकतोय का, असा प्रश्न आला आहे.

करुणा भाकतोय ती देवाची. द्राक्षवेलीच्या आणि मद्याच्या देवाचं लीबेर हे अस्सल इटालियन नाव. बाक्खुस हे ग्रीकांकडून आलेलं. घोळ होतो रोमन लिपीमुळे, कारण ती ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाही. पुस्तकाचा 'लि' ऱ्हस्व (मूळ अर्थ झाडाची आतली साल), तर देव आणि 'मोकळा' या दोन्हींतला 'ली' दीर्घ. षष्ठी केली की फरक उघडच पडतो : पुस्तकाचं लिब्री, देवाचं लीबेरी. लॅटिन वृत्तंही आपल्यासारखी लघु-गुरूवर चालतात आणि होरेसच्या त्या ओळीत या जागी गुरूच हवा. 'लि' म्हटलं तर वृत्त मोडतं. देवनागरीत हा भेद फुकटात मिळतो, तरी मराठीत सर्रास 'लिबर' छापलं जातं. मला ते खटकतं.

मग मद्य माणसाला मोकळं करतं म्हणून हा लीबेर? रोमन तत्त्वज्ञ सेनेका जवळपास तेच सांगतो : जीभ सैल सुटते म्हणून नव्हे, तर मनाला चिंतांच्या गुलामीतून सोडवतो म्हणून हे नाव. सुंदर आहे, पण ही नंतर बसवलेली व्युत्पत्ती. 'मोकळा' या अर्थाच्या लीबेरचं मूळ 'वाढणे' या अर्थाच्या धातूशी नेतात, संस्कृत रुह् त्याच गोतातला. म्हणजे आपलं 'रोपण' आणि 'आरोह' या शब्दाचे लांबचे भाऊबंद. देवाचं नावही बहुतेक अभ्यासक तिथेच नेतात, आणि वेलीच्या देवाला ते शोभतंही.

कवींना अर्थात कोट्या प्रिय. रोमन कवी ओविड 'फास्ती' या सणावारांवरच्या काव्यात 17 मार्चच्या लीबेरालिया सणाचं वर्णन करतो. त्या दिवशी रोमन पोरं प्रौढांचा टोगा (रोमनांचं अंगावर गुंडाळायचं वस्त्र) घेत. का, असं तो देवालाच विचारतो : तू सदाचा पोरगा आणि तरुण म्हणून, की तू 'पिता' म्हणून, की तू लीबेर आणि टोगाही 'लीबेरा', म्हणजे मोकळा, म्हणून? ओविड सगळी कारणं देतो. रस्त्यावर म्हाताऱ्या 'लीबुम' नावाचे मधाचे केक विकत बसलेल्या. या पदार्थाचं नावही तो लीबेरवरूनच काढतो. आणि म्हाताऱ्याच का? तर त्या वयात वारुणी जास्त आवडते म्हणून! असा हा मिश्कील गडी.

'मेटामॉर्फोसेस' या काव्याच्या चौथ्या भागात तोच ओविड या देवाची नामावळी गातो : ब्रोमिउस म्हणजे गर्जणारा, लिआएउस म्हणजे बंध सोडवणारा. 'बिमातेर'पाशी मी थबकलो. दोन आयांचा! त्याची आई सेमेले जळून गेली, तेव्हा बाप युपितेर, देवांचा राजा, याने गर्भ आपल्या मांडीत शिवून घेतला, म्हणून. अमरकोशात गणपतीला 'द्वैमातुर' म्हटलंय ते आठवा. कथा वेगळी, पण विशेषण शब्दाला शब्द तेच.

आणखी एक गंमत. रोमन नाटककार तेरेन्तिउसच्या एका नाटकात वाक्य आहे : केरेस आणि लीबेरशिवाय वेनुस गारठते. इथे केरेस म्हणजे धान्य, लीबेर म्हणजे दारू आणि वेनुस म्हणजे प्रेम. आपण पैशाला 'लक्ष्मी' म्हणतो तसंच. त्यामुळे लॅटिन कवितेत लीबेर दिसला की आधी पाहावं, तो पेल्यात आहे की समोर उभा आहे.

होरेसच्या ओडमध्ये तो समोर उभा आहे, हातात आयव्हीची वेल गुंडाळलेला दंड, थिर्सुस, घेऊन. मी त्या ओळीचं असं करेन : 'सोड रे, लीबेरा, सोड, तुझ्या दंडाचा धाक मोठा.' देवाला अहोजाहो करायची आपली रीत नाही, तेव्हा 'रे' चालेल.