ओळखीचं वाटलं तरी तोंडात घालू नका

तुम्ही विचारलंय की परदेशात राहायला जातोय, तिकडे घरामागे लगेच जंगल आहे, मुलगी तीन वर्षांची आहे, तर विषारी झाडं, मशरूम वगैरेचं कितपत मनावर घ्यायचं. मी म्हणेन घ्याच. कण्हेर विषारी असते हे आपल्याला लहानपणीच कुणीतरी सांगितलेलं असतं, तिकडच्या झाडांबद्दल मात्र कुणी काही सांगितलेलं नसतं आणि डोळा जुनाच असतो, खरा धोका तिथे आहे.

मशरूमचंच बघा. डेथ कॅप नावाचं जे आहे ते लहान असताना आपल्या खायच्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखं दिसतं आणि परक्या देशातून आलेली माणसं त्यामुळेच फसलीयेत. शिजवून त्याचं विष जात नाही, चवही वाईट नसते म्हणे, आणि त्रास साधारण 6 ते 12 तासांनी सुरू होतो, मग उलट्या-जुलाब थांबून एखादा दिवस बरं वाटतं, पण आत लिव्हर खराब होतच असतं. म्हणून रानातलं मशरूम खायचंच नाही, मित्राने हौसेने आणून दिलं तरी नाही.

घरातलंही सांगते. आम्ही नवीन आलो तेव्हा कुकर नव्हता म्हणून लाल राजमा स्लो कुकरमध्ये लावला, दोन-तीन तासांत दोघंही उलट्यांनी आडवे. तेव्हा कळलं की राजम्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन कमी आचेवर मरत नाही, अर्धवट शिजलेला तर कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. किमान 5 तास भिजवायचा, पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळून निदान 10 मिनिटं उकळायचा, मी तर अर्धा तास उकळते. हिरवे पडलेले, कोंब आलेले बटाटे टाकून द्या, आणि दुधी, काकडी, झुकिनी कडू लागली की घास थुंकायचा, उगाच वाया जाईल म्हणून संपवायची नाही.

अंगणात यू नावाच्या सदाहरित झाडाचं कुंपण असेल तर लाल फळं मुलांना खुणावतात आणि आतली बी फार विषारी असते. जायंट हॉगवीड नावाच्या उंच रानटी झाडाचा चीक अंगाला लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, तो लागला तर लगेच साबणाने धुवा आणि ती जागा उन्हापासून झाका.

पोचल्या दिवशी तिथल्या विषबाधा हेल्पलाइनचा नंबर मोबाईलमध्ये टाका. मुलीने काही खाल्लं तर त्रास व्हायची वाट बघू नका, आपल्या मनाने तिला उलटी करायला लावू नका, पानाचा नाहीतर फळाचा तुकडा सोबत ठेवा आणि आधी फोन करा.