घरातलं पहिलंच कॉलेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई-वडील ऊसतोडीला जातात. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्रात गणित आणि मेकॅनिक्स राहिले. घरी सांगितलेलं नाही. सोडून गावाकडे बी.ए. करावं का? – एक वाचक, अंबाजोगाई तालुका

नुसत्या निकालावर हा निर्णय घेऊ नका. आधी परीक्षा विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा : पुढच्या वर्षात जायला किमान किती क्रेडिट लागतात, आणि राहिलेल्या विषयांचा फॉर्म कधी निघतो. हा फॉर्म स्वतंत्रपणे भरावा लागतो, आपोआप भरला जात नाही. तारीख चुकली तर आधी विलंब शुल्क लागतं आणि तीही मुदत गेली की अख्खं सत्र हातचं जातं. अनेकांचं वर्ष अभ्यासापेक्षा या तारखांपायीच वाया जातं, कारण घरात कुणी हा रस्ता चाललेलंच नसतं.

मग उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. त्याचीही मुदत थोड्या दिवसांचीच असते. प्रश्न कोरे सोडलेत की पायऱ्या चुकल्यात, ते त्यात दिसेल. पायऱ्या चुकल्या असतील तर बहुधा बारावीचं इंटिग्रेशन-डेरिव्हेटिव्ह कच्चं असतं. महिनाभर रोज तासभर बारावीचंच पुस्तक सोडवा, त्यात कमीपणा नाही. कोरे सोडले असतील तर मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्या आणि पुन्हा पुन्हा येणारे प्रकार आधी उरका. मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची बलं दाखवणारी आकृती, चुकला की पुढचं सगळं गणित चुकतं, म्हणून आठवडाभर फक्त आकृत्याच काढा. सरांकडे जाताना ‘समजलं नाही’ म्हणू नका. जिथे अडलं ती ओळ वहीत दाखवा, म्हणजे नेमकं उत्तर मिळतं.

घरी मात्र लवकर सांगा. आई-वडील कारखान्याच्या फडावर असतील तर रात्रीच्या फोनवर एवढंच पुरे : ‘दोन विषय राहिलेत, परत देता येतात, वर्ष गेलेलं नाही.’ लपवलेला निकाल गावात दुसऱ्याच्या तोंडून कळला, तर पुढच्या फीचा विषय काढणं अवघड होऊन बसतं.

प्रश्न : महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्ती जमा झाल्याचं दिसतं, खात्यात मात्र काहीच नाही. – एक वाचक, परभणी

हे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यावर जातात. एकाहून अधिक खाती असतील तर ज्या खात्याची जोडणी शेवटी झाली, तिथे रक्कम पडते. मोबाइलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा देऊन एखादं पेमेंट बँकेचं खातं निघालेलं असतं आणि मुलांना त्याचा पत्ताच नसतो. ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, बँकेचं नाव तिथे दिसेल. रक्कम त्याच खात्यात आहे का, ते तपासा. पुढच्या हप्त्यासाठी हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : जात पडताळणीसाठी 1961 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नाहीत. – एक वाचक, जालना

विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 ही तारीख धरतात, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. शाळेचा दाखला नसला तरी अडत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद असलेलं कोतवाल बुक, शोधा. आजोबांची, त्यांच्या भावंडांची किंवा पणजोबांची जातीसह नोंद सापडली तर तिची प्रमाणित नक्कल घ्या. वडिलांकडच्या रक्तनात्यात, म्हणजे काका, आत्या, चुलत भाऊ यांच्यात कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर ते वंशावळीच्या शपथपत्रासोबत जोडा. एका कागदावर ‘किसन’ आणि दुसऱ्यावर ‘किसना’ असेल तर दोघे एकच असल्याचं शपथपत्रात आधीच लिहा. त्रुटीचं पत्र येण्याची वाट पाहू नका. हे काम अकरावीतच सुरू करावं. प्रवेशाच्या वेळी जात पडताळणी समितीसमोर अर्जांचा ढीग असतो.