उन्हातलं धावणं आणि ओझोन

धावायला नवीन आहेस, म्हणून आधी हेच सांगते. आकाश निळंशार दिसलं की हवा चांगली, असं धरून चालू नकोस. गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडलं की जमिनीलगत ओझोन हा डोळ्यांना न दिसणारा, फुप्फुसांना झोंबणारा वायू तयार होतो, आणि वारा पडलेला असेल तर साचून राहतो. दुपार ते सायंकाळ सगळ्यात वाईट. धावताना आपण कितीतरी पट हवा आत ओढतो. मग खोल श्वासाला छातीच्या मधोमध चरचरतं, कोरडी ढास लागते. मला वाटायचं दम कमी पडतोय, म्हणून मी आणखी जोर लावायचे. तू थांब. साधा मास्क धूळ अडवतो, हा वायू नाही. पहाटेच धाव. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांशी बोल. आणि छातीत दाब येऊन कळ हाताकडे गेली, तर हवेला दोष देत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.